जमिनीचा मोबदला खात्यावर आला की

पनवेल–कर्जत या नव्या लोकलमार्गासाठी खालापूर-कर्जतात जमिनी गेल्या. फार्महाउससाठी भातखाचरं विकणं तर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. असा पैसा घरात पिढीतून एकदा येतो, आणि तो आल्याची खबर योजनावाल्याला लगेच लागते. तो बहुधा परका नसतो. भावकीतला, नाहीतर लोकलमधला रोजचा सोबती. म्हणून तो दारात येण्याआधीच घरातल्या सगळ्यांनी पुढची कृती ठरवून ठेवावी.

आधी महिनाभर रक्कम हलवू नका. ‘आजच भरा, उद्या योजना बंद’ म्हणणाऱ्याला सरळ नकार द्या. चौकशीचीही गरज नाही.

मग वही घेऊन हिशेब मांडा. समजा, योजनावाल्याने पाच लाखांवर महिना दहा टक्के कबूल केलेत, म्हणजे दरमहा पन्नास हजार, वर्षाला 120 टक्के. बँकेची मुदत ठेव वर्षाला सहा-सात टक्क्यांच्या आसपास देते. आता हे नीट बघा: कुठलाही धंदा न करता, तुमच्याच पाच लाखांतून तो तुम्हाला दहा महिने पन्नास हजार देऊ शकतो. शेजाऱ्याला तीन हप्ते वेळेवर मिळाले, यावरून धंदा खरा ठरत नाही. हे घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड, कारण हप्ता खरोखर हातात पडलेला असतो. टोरेस नावाच्या योजनेचं असंच झालं. मोझॅनाइटचे खडे घ्या, दर आठवड्याला परतावा घ्या, असं सांगत दादर, कल्याण, नवी मुंबईत चकचकीत दुकानं थाटली गेली. सुरुवातीला पैसे येत राहिले, तसे लोक भरत राहिले. जानेवारी 2025 मध्ये दादरच्या दुकानासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली तेव्हा परतावा थांबलेला होता.

कागद मागा. कंपनीची नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. टोरेसमागची प्लॅटिनम हर्नसुद्धा नोंदलेलीच कंपनी होती. सेबीची परवानगी आहे की रिझर्व्ह बँकेची, हे नेमकं विचारा आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तपासा. पैसे रोख किंवा एजंटच्या स्वतःच्या खात्यावर मागितले, तर तिथेच थांबा.

नवी मुंबई विमानतळामुळे प्लॉटची किंमत दुप्पट होईल असं कोणी म्हटलं, तर सातबारा आणि फेरफार स्वतः काढा, एजंटची झेरॉक्स नको. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. कर्जत तालुक्याचा काही भाग 2003 पासून माथेरानच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे. तिथे बांधकाम होईल का, हे आधी विचारा.

बँकेतही सगळी रक्कम एका जागी नको. एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला तेही नाही. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना 2021 मध्ये रद्द झाला, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे.

आणि पैसे भरून झाले असतील तर? आणखी एक रुपया भरू नका, दुसऱ्याला आणू नका. बेकायदा ठेव योजनेत जाणूनबुजून लोकांना ओढणं हा 2019 च्या कायद्याने गुन्हा आहे. पावत्या, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे निरोप जपा. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच 1930 वर फोन करा, नाहीतर पोलीस ठाणं गाठा. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्यानुसार अशा संस्थेची मालमत्ता जप्त करता येते. उशीर झाला की ती इकडेतिकडे होते. एकट्याने जाऊ नका, फसलेल्या चौघांना बरोबर घ्या आणि तक्रारीची पोच मागून घ्या.