ऑपरेशनाला जाताना

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, की घरात रडारड सुरू होते. कोणी म्हणतं देवऋषाकडं चला. कोणी म्हणतं अमावास्या होऊन जाऊ द्या. मंडळी, भीती वाटणारच. पण भीतीपोटी वेळ घालवू नये.

१९२४ सालची गोष्ट ऐका. महात्मा गांधी तेव्हा पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांचं पोट दुखू लागलं. अपेंडिक्सला सूज आली होती. त्यांना ससून रुग्णालयात नेलं आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. मधेच वीज गेली. उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं.

मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ऑपरेशनाला माझी संमती आहे, असा कागद गांधीजींनी द्यायचा होता. मजकूर तयारच होता. पण गांधीजींनी त्यावर डोळे झाकून सही केली नाही. उशाशी असलेल्या श्रीनिवास शास्त्रींना त्यांनी आपल्या शब्दांत मजकूर सांगितला, तो पुन्हा वाचून घेतला, आणि मग पेन्सिलीनं सही केली. हात थरथरत होता, तरीही.

असाच कागद तुमच्यापुढंही येईल. त्याला संमतिपत्र म्हणतात. आता तुम्हाला वाचता येतं. मग अंगठा कशाला? नाव आपलंच आहे का, ऑपरेशन कशाचं आहे, डाव्या बाजूचं की उजव्या, हे वाचा. कळलं नाही तर विचारा. तातडी नसेल तर हेही विचारा : हे ऑपरेशन केलंच पाहिजे का? गोळ्यांनी भागेल का? दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला तर कोणाचा अपमान होत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं उघड झालं आणि २०१९ साली सरकारला चौकशी करावी लागली. आयाबायांनो, पिशवी काढा म्हटलं की लगेच मान डोलवू नका.

सोलापूरला जा, लातूरला जा, नाहीतर धाराशिवला जा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने सगळे कागद बरोबर घ्या. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते पैसे भरण्याआधी विचारा. सावकाराकडं नंतरही जाता येतं.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. साखरेची गोळी, बीपीची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, वैद्याचा काढा, सगळं सांगा. दारू पीत असाल तर तेही सांगा. डॉक्टर काही पोलीसपाटील नव्हेत. तंबाखू, बिडी, मिश्री ऑपरेशन ठरल्या दिवसापासूनच सोडा. त्यानं जखम लवकर भरत नाही आणि भूल देताना छातीला त्रास होतो.

आता उपासाचं. इथं घात होतो. साधारणपणे ऑपरेशनाआधी निदान सहा तास अन्न नाही, दूध नाही, दुधाचा चहाही नाही. जड जेवण असेल तर आणखी आधी बंद. पाणी कधीपर्यंत प्यायचं ते डॉक्टर सांगतील. कारण असं, की भुलीत माणसाला गिळण्याखोकण्याची शुद्ध नसते. पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात शिरलं तर जीव जाऊ शकतो. आजीला दया येते. "लेकरू उपाशी आहे, घोटभर चहा पाज," असं ती म्हणते. तो घोट देऊ नका. आणि चुकून दिलाच तर तसं सांगून टाका. ऑपरेशन थोडं पुढं जाईल, एवढंच.

सकाळी साबण लावून अंघोळ करावी. घरी वस्तऱ्यानं केस काढू नयेत, कातडीला बारीक चिरा पडतात. कवळी, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून घरच्या माणसाजवळ द्यावं. त्यात अशुभ काही नाही.

घरी आल्यावर खरी कसोटी घरच्यांची. गाव भेटायला लोटतं. बाजेवर चार जण बसतात, कोणी हळद लावा म्हणतं, कोणी राख. जखमेवर काही लावू नये. ती कोरडी ठेवावी, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय पट्टीला शिवू नये. डाळ खाल्ली की पू होतो, हे खरं नाही. मांस भरून यायला डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, भाकरी हेच लागतं. मात्र पोटाचं ऑपरेशन असेल तर काय कधी सुरू करायचं ते विचारून घ्या.

नुसतं पडून राहू नये. डॉक्टरांनी परवानगी दिली की अंगणात थोडं थोडं चालावं. पडून राहिल्यानं पायात रक्ताची गाठ होते. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरावी. पण हापशावरची घागर उचलायची नाही, पोतं उचलायचं नाही. किती आठवडे, ते डॉक्टर सांगतील. सुगी असली तरी! गांधीजीसुद्धा मार्चमध्ये जुहूला जाऊन विश्रांतीसाठी राहिले होते.

ताप चढला, जखम लाल होऊन फुगली, पू आला, उलट्या थांबेनात, लघवी अडली, तर गावात उपचार करत बसू नका, त्याच दवाखान्यात जा. पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नका, तसंच दाखवा. दम लागला किंवा रक्त थांबेना, तर लगेच १०८ ला फोन लावा. ती गाडी फुकट येते.