चिरचाडीचे शास्त्रज्ञ

(वडसा म्हणजे देसाईगंज. येथून पूर्वेकडे गेले की जंगलातला कुरखेडा तालुका लागतो. तेथील एका आदिवासी शास्त्रज्ञाची माहिती या पाठात दिली आहे.)

पावसाळ्यात वडशाच्या परिसरात भाताची शेते हिरवीगार दिसतात. पण गरिबांना हेच दिवस कठीण जातात. घरातले धान्य संपलेले असते, नवे पीक अजून शेतात उभे असते आणि हाताला काम नसते.

कुरखेडा तालुक्यातील चिरचाडी गावात हलामी कुटुंबाचेही असेच होई. मग मोहाची फुले शिजवून खायची. ती पचायला जड. कधी जंगली तांदूळ गोळा करून त्याच्या पिठाची आंबील करायची. याच घरात भास्कर हलामी यांचे बालपण गेले.

वडील सातवी शिकलेले होते. शंभर किलोमीटर दूर कसनसूरच्या शाळेत काम आहे, असे त्यांना कळले. मिळेल त्या वाहनाने ते निघाले. ते पोहोचले की नाही, याची घरी काहीच खबर नव्हती. तीन-चार महिन्यांनी ते परतले, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. त्यांना शाळेत स्वयंपाक्याची नोकरी मिळाली होती.

पुढे सारे कुटुंब कसनसूरला गेले. तेथील आश्रमशाळेत भास्कर चौथीपर्यंत शिकले. शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन ते केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात दाखल झाले. नंतर गडचिरोलीत बी.एस्सी. आणि नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले. २००३ साली ते नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत सहायक प्राध्यापक झाले. लोकसेवा आयोगाची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले; पण त्यांनी संशोधनाची वाट धरली. अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. चिरचाडीचे ते पहिले विज्ञान पदवीधर. २०२२ साली ते मेरीलँडच्या सिरनॉमिक्स या औषध कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते.

त्यांचे काम आरएनए तयार करण्याचे. कोणते प्रथिन बनवायचे, हा निरोप पेशीत आरएनए पोहोचवतो. रोग वाढवणारा निरोप मध्येच अडवता आला, तर त्यातून औषध बनू शकते.

भारतात आल्यावर डॉ. हलामी शाळा, आश्रमशाळा व महाविद्यालयांत जातात. विद्यार्थ्यांच्या घरीही जातात. पुढे काय शिकावे, हे त्यांना समजावतात. जंगलातल्या मुलांत हुशारी कमी नसते. पुढची वाट दाखवणारा माणूस कमी असतो.

शब्दार्थ
आंबील – पिठाची पातळ पेज
जीव भांड्यात पडणे – काळजी मिटणे
निरोप – संदेश, पैगाम

स्वाध्याय
१. पावसाळ्याचे दिवस गरिबांना कठीण का जात?
२. आईचा जीव भांड्यात केव्हा पडला?
३. पुढे काय शिकावे, हे तुम्ही कोणाला विचाराल? चार वाक्ये लिहा.