दादाचा अर्ज

नरसी नामदेव,
आषाढ वद्य एकादशी, 21 जुलै 2025

चि. बाळास,

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या शपथविधीचा तुझा फोटो घरोघर फिरला. त्याच दिवशी फोनवर तू बोलून गेलास, ‘आता दादाला इकडं बोलावून घेतो.’ फोन स्पीकरवर होता. दादाच्या बायकोनं, आपल्या सूनबाईनं, ऐकलं, आणि माळवद काढून स्लॅब टाकायचं ठरलेलं काम तिथंच थांबलं. म्हणून हे पत्र.

अर्ज जरूर भर. भावासाठी तो नागरिकालाच भरता येतो, नुसत्या ग्रीन कार्डावर तुला तो हक्क नव्हता. पण ‘बोलावून घेतो’ हे शब्द मागे घे. भावाबहिणींच्या वर्गात सगळ्या जगाला मिळून वर्षाला 65,000 व्हिसा, त्यातच त्यांची बायकापोरंही मोजली जातात. वर एका देशाला सात टक्क्यांचं कुंपण. आजच्या घडीला भारतातल्या 2006 सालच्या अर्जांचा नंबर लागतोय. रांग अशीच चालली तर आज एकेचाळिशीतला दादा तिथं पोचेपर्यंत साठीला टेकेल. हळद शिजवण्यापासून बेण्यापर्यंत ज्याचा शब्द शिवारात चालतो, त्यानं उतारवयात परक्या गावी कुणाच्या दुकानात रात्रपाळी करायची का, हे त्याचं त्याला ठरवू दे.

दादाची छकुली आज सात वर्षांची आहे. आईबापांबरोबर जाता येतं ते एकवीसच्या आतल्या, बिनलग्नाच्या लेकरांनाच. 2002 च्या कायद्यानं वयातून काही काळ वजा धरतात, पण तो तिथल्या कचेरीत अर्ज मंजुरीसाठी पडून राहिला तेवढाच. पुढं रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. जिच्यासाठी सूनबाईचा जीव अमेरिकेत अडकलाय, ती पोरच मागं राहण्याची शक्यता जास्त. हे दादाला तू स्वतः सांग. मी सांगितलं तर म्हाताऱ्यानं खोडा घातला म्हणतील.

आता कागद. माझा जन्म शाळेच्या दप्तरात गेला, म्हणून बजावतो. तुम्ही भाऊ आहात हे दोघांच्या जन्मदाखल्यांवरून सिद्ध व्हायला हवं. तुझ्या दाखल्यावर वहिनीचं, म्हणजे तुमच्या आईचं, सासरचं नाव आहे. दादाच्या नोंदीत माहेरचं, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. तो ग्रामसेवकाकडून भरून घेतो, आईच्या दोन नावांचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवतो. जिल्हा परभणी लिहिलंय म्हणून घाबरू नकोस. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 चा, नोंद त्याआधीची. ते तसंच राहू दे.

नामदेव महाराज घुमानला गेले तेव्हा कुणी जामीन मागितला नव्हता. दादासाठी तुला व्हावं लागेल. दोन्ही घरांची माणसं धरून तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवायचं, आणि दादा नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत ती हमी सुटत नाही. तेव्हा तुझ्या बायकोला आत्ताच विचार. भावाच्या मायेपोटी तिच्या परस्पर सही करशील, आणि धुसफूस मात्र दोन घरांत होईल.

दादाला नुसतं फिरवून आणायचं असेल तर ते आधी कर. कायमच्या वास्तव्याचा अर्ज कुणी केलाय का, असं टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारतात. तिथं खरंच लिहावं लागतं, आणि मग हा परत जाणार नाही अशी शंका घेऊन नाकारू शकतात. एवढ्या वर्षांच्या रांगेत काही महिने इकडंतिकडं. हळदीची काढणी उरकली की उन्हाळ्यात ने.

वहिनीचं वेगळं. नागरिकाच्या आईला ही रांग नाही. पण ते कार्ड तिथं राहणाऱ्यासाठी असतं, नातवंडं सांभाळायला चार महिने येणाऱ्यासाठी नव्हे. परतवारीला देवळाच्या पायरीवर बसल्याशिवाय तिला चैन पडत नाही, तिच्यासाठी साधा व्हिसाच बरा.

स्लॅबचं काम दिवाळीआधी व्हायला हवं. निम्मे पैसे तू पाठव, आणि ते दादाला फोनवर सांग. फोन स्पीकरवर असला तरी चालेल.

तुझा,
अण्णाकाका