सात हजारांचं वर्ष

अगं, फोनवर तू नुसतं 'हो ताई, बघते ताई' करत होतीस, तेव्हाच कळलं की चाकणच्या त्या ठेकेदाराचा दुप्पट पगार डोक्यात बसलाय. बसणारच. दोन वर्षं टर्नरचा आयटीआय केलास, सर्टिफिकेट हातात आलं, आणि कागलची कंपनी म्हणते अप्रेंटिसला या, महिन्याला सात हजार. आप्पा म्हणाले असतील, "एवढं शिकून सात हजार?" आई म्हणाली असेल, बसनं रोज घरी तरी येईल पोरगी. दोघांचंही खोटं नाही, म्हणून तर तुझी पंचाईत झालीय.

माझं मत विचारशील तर अप्रेंटिसला जा. पण आंधळेपणानं नको जाऊस. अप्रेंटिसच्या नावाखाली काय काय चालतं ते मी रोज बघते.

आधी त्या दुप्पट पगाराचं बोलू. ठेकेदार तुला 'सीएनसी ऑपरेटर' म्हणून नेतोय. म्हणजे काय, तर चकमध्ये पार्ट लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं. मशीन थांबलं की पार्ट काढायचा, हवा मारायची, ट्रेमध्ये ठेवायचा, पुढचा लावायचा. इन्सर्ट झिजला किंवा माप सरकलं की सेटरला हाक मारायची. तो येतो, स्क्रीनवर ऑफसेट बदलतो आणि निघून जातो. त्या दोन मिनिटांत त्यानं काय पाहिलं, किती मायक्रॉन दिले आणि का दिले, हे ज्याला उमगतं तो पुढे सेटर होतो, टूलरूममध्ये जातो, एखादा स्वतःचं मशीनही टाकतो. ज्याला उमगत नाही तो दहा वर्षांनीही तेच हिरवं बटण दाबत असतो, फक्त ठेकेदार बदललेला असतो. ऑर्डरी कमी झाल्या की 'उद्यापासून येऊ नको' हा फोनही पहिल्यांदा त्यालाच येतो. शिवाय चाकणला खोलीत चौघी, डबा, गावाकडं यायची एसटी, हे सगळं वजा करून दुप्पटीतलं किती उरतं ते एकदा वहीत मांड. मांडलंस का? मला तर वाटतं तो फोन आल्यापासून तू नुसता वरचाच आकडा बघतेयस.

हाताखाली राहून शिकणं आपल्या कोल्हापूरला नवीन नाही. उद्यमनगरच्या गाळ्यांमधून पोरं अशीच तयार झाली. आधी झाडू आणि चहा, मग कानस, मग कधीतरी लेथ. सगळा मेस्त्रीच्या मर्जीचा मामला, कागद कसला नाही. आणि मुलीला त्या गाळ्यात कुणी मशीनपुढं उभं केलं असतं असं मला तरी वाटत नाही. आता निदान कागद आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा, २०१४ मध्ये त्यात बरेच बदल झाले. ज्या कंपनीत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. तेव्हा एचआरवाला उपकार केल्यासारखा चेहरा करून बसला तर तू मनातल्या मनात हस. त्यालाही आकडा भरायचाच असतो.

सही करताना मात्र हसू नको, वाच. करार या कायद्याखालचा आहे का, आणि सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर त्याची नोंद झाली का, एवढं पक्कं कर. नोंदणी क्रमांक मागून घे, वहीत लिहून ठेव. 'होऊन जाईल, तुम्ही जॉइन तर व्हा' असं म्हणाले तर गोड बोलून म्हणायचं, "सर, नोंद झाली की त्याच दिवशी येते." अगं, एकाच गेटमधून एकाच रंगाचा शर्ट घालून दोन मुली आत जातात. दोघी एकाच मशीनवर काम करतात. एकीचा करार नोंदलेला असतो, दुसरी कुठल्याशा एजन्सीची ट्रेनी असते. वर्ष संपलं की पहिली व्यवसाय परीक्षेला बसते आणि दुसरीच्या हातात एजन्सीचं अनुभवपत्र पडतं. ते पुढं कोण मानतं, कोण नाही. काही अडलं तर जिल्ह्याचं बीटीआरआय केंद्र आहे, शिकाऊ उमेदवारीचे सल्लागार अधिकारी तिथंच भेटतात. तुझ्या आयटीआयच्या निदेशकांना विचार, ते नाव-पत्ता सांगतील. विचारायला लाजू नको, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे.

पैशाचंही उघडच बोलते. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यांना किमान ७,००० रुपये विद्यावेतन धरलंय. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय परिषदेनं त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून तुझ्या करारावर नेमका आकडा काय लिहिलाय तो बघ. किमान म्हणजे किमान, जास्त द्यायला कंपनीला कुणी अडवलेलं नाही, आणि काही कंपन्या देतातही. खाजगी कंपनी सरकारच्या प्रोत्साहन योजनेत असली तर विद्यावेतनाचा एक भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकारकडून थेट तुझ्या खात्यात येतो. मग पासबुकात दोन वेगळ्या तारखांना दोन नोंदी दिसतात. पहिल्या महिन्यात कंपनीकडून कमी पैसे आले म्हणून भांडायला जाऊ नको, आधी दुसरी नोंद आली का बघ. पीएफ कापला जाणार नाही, ईएसआयचं कार्ड मिळणार नाही, कारण कायद्यानं तू कामगार नाहीस, शिकाऊ आहेस. पण कारखान्यातल्या सुरक्षिततेचे नियम तुला लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाईही आहे. हे आप्पांना नीट समजावून सांग, त्यांना पीएफचं फार असतं.

आता आतलं सांगते. कंपनीचा स्वभाव असा की एका जागी हात बसला की तुला तिथून हलवायचं नाही. मी जिथं अप्रेंटिस केलं, नाव कशाला घेऊ, तिथं मला डिबरिंगच्या टेबलावर बसवलं. मशीनमधून आलेल्या पार्टची धार कानशीनं मोडायची, दिवसभर. काम वाईट नव्हतं, पण ते शिकायला एक आठवडा पुरतो. मी तक्रार केली नाही. रोजच्या कामाची वही अप्रेंटिसला ठेवावीच लागते, ती मी मन लावून लिहायला लागले. सोमवार, डिबरिंग. मंगळवार, डिबरिंग. बुधवार, डिबरिंग, दुपारनंतर ट्रे मोजले. महिनाअखेर ट्रेनिंग इन्चार्जकडं सहीला नेली. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, माझ्याकडं बघितलं. तपासणीला कुणी आलं तर हीच वही दाखवायची आहे, हे त्यांच्याही लक्षात आलं असणार. पुढच्या सोमवारी मी लेथवर होते. म्हणून सांगते, वही खरी लिही. 'विविध मशीनिंग कामे' असलं गोल गोल लिहू नको.

लेथवर उभी राहिलीस की सेटरच्या मागं लाग. नुसतं 'शिकवा ना' म्हणून कुणी शिकवत नाही, त्यालाही प्रॉडक्शन द्यायचं असतं. चहाच्या सुट्टीत एकच प्रश्न विचारायचा, पण नेमका. "मघाशी तुम्ही ऑफसेट दिला नाही, पार्ट बाजूला ठेवून दिला, का?" असा. या प्रश्नाचं उत्तर मी तुला आत्ताच देते, कारण यातच खरी मेख आहे. समज, ड्रॉइंगवर ४५ मिलिमीटर व्यास आहे, वर शून्य, खाली १६ मायक्रॉन. मशीनमधून नुकताच काढलेला जॉब डिजिटल मायक्रोमीटरवर ४५.००५ दाखवतो. नवखी घाबरते, मोठा झाला म्हणून १५ मायक्रॉन कमी करते. पण जॉब गरम असतो. पोलाद तापलं की फुगतं, ४५ मिलिमीटरचा जॉब खोलीपेक्षा वीस अंशांनी तापलेला असला तर साधारण दहा मायक्रॉन जास्त दाखवतो. तोच जॉब थंड झाल्यावर ४४.९९५ येतो, एकदम ओके. आणि हिनं ऑफसेट दिल्यानंतरचे सगळे थंड होऊन ४४.९८० वर येतात, सगळे रिजेक्ट. मोठा राहिलेला जॉब परत मारता येतो, लहान झालेला भंगारात जातो. म्हणून तो सेटर पार्ट थंड व्हायला ठेवतो आणि बिडी प्यायला जातो. लोकांना वाटतं टाइमपास करतोय.

माप घेण्यात घाई कधीच करू नको. जबडे आधी पुसायचे, शून्य तपासायचं, व्हर्नियर तिरका धरायचा नाही, मायक्रोमीटर रॅचेटनंच फिरवायचा. आयटीआयत हे सगळं शिकवलंय, मला माहीत आहे. पण तिथं जॉब चुकला तर मार्क जातात, इथं अख्खी बॅच जाते. मी आज क्वालिटीत बसते ती याच एका सवयीवर. ज्या मुलीच्या मापावर लाइनवाले डोळे झाकून विश्वास ठेवतात तिला कुणी हलवत नाही, उलट बोलवून नेतात.

लेथवर हातमोजे घालू नकोस, कुणी कितीही प्रेमानं दिले तरी. फिरत्या जॉबनं मोजा ओढला की हातही जातो. चक की चकमध्ये ठेवून एक सेकंदही वळायचं नाही. केस टोपीत, बांगड्या घरी, ओढणी नाहीच. यावर एखादी काकू म्हणेल, मोकळे हात बरे दिसत नाहीत. म्हणू दे.

आणि हे जरा दार लावून ऐक. मशीन शॉपमध्ये अजून मुली कमीच. बहुतेक पुरुष चांगले असतात, काही तर लेकीसारखं शिकवतात. पण एखादा निघतो. 'अप्रेंटिस आहे, कुठं बोलणार' असं धरून चालतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात अप्रेंटिसही येते, स्पष्ट लिहिलंय. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तिची अध्यक्ष बाई असते. पहिल्या आठवड्यातच नोटीस बोर्डवर त्या समितीची नावं शोध आणि फोटो काढून ठेव. गरज पडणार नाही अशी आशा करू. लेडीज टॉयलेट शॉपपासून किती लांब आहे, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस आहे का, हेही मुलाखतीतच विचार. हे विचारल्यावर ज्याचं तोंड वाकडं होतं तिथं न गेलेलं बरं.

वर्ष संपल्यावर कंपनी ठेवून घेईलच असं धरू नको. कायद्यानं तशी सक्ती नाही, प्रत्येक कंपनीचं आपलं धोरण. त्यामुळे अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आजपासूनच डोक्यात ठेव. प्रात्यक्षिक सोपं जातं, रोज हातच चालत असतो. पोरं पडतात ती लेखीत, टेपरच्या गणितात नि ड्रॉइंगमध्ये. आयटीआयच्या वह्या रद्दीत देऊ नको. पास झालीस की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, सगळे त्याला एनएसी म्हणतात, आणि ते देशात कुठंही चालतं. पुढं शिकावंसं वाटलं तर दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तो रस्ता मोकळा ठेव.

एक गोष्ट मात्र कागलला हो म्हणण्याआधी ठरव. अशी अप्रेंटिस एकदा झाली की रेल्वेसारखी ठिकाणं परत घेत नाहीत. मध्य रेल्वेची भरती दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, परीक्षा नसते, आणि रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना तिथल्या लेव्हल १ च्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. तुझी दहावी बरी आहे, आयटीआय तर उत्तमच. तुझं मन रेल्वेत असेल तर थांबण्यात अर्थ आहे. तुझ्या आयटीआयतल्या वायरमन पोराला महावितरण आहे, डिझेलवालीला एसटी आहे. पण नुसतं 'सरकारी बरं' म्हणून वर्ष घरी बसून काढणार असशील तर मला ते पटत नाही. वर्षभर घरी बसलेल्या मुलीच्या लग्नाचा विषय आपल्या घरात कोण काढतं, तुला ठाऊक आहे.

तर उद्या मुरगूडच्या बँकेत जा आणि खात्याला आधार जोडलंय का विचार, नाहीतर ते सरकारचे पैसे अडकतात. सेफ्टी शूज कंपनी देते, पण मोजे सुती घे, आणि जरा जास्तच घे, कूलंटच्या ओलीत रोज बदलावे लागतात. ठेकेदाराला नाही म्हणून कळवायचं काम आप्पांवर सोड. असले फोन करायला त्यांना फार आवडतं.