जांभ्याच्या भिंतीला सिमेंट नको

प्रश्न : राजापूरजवळचं आमचं जुनं कौलारू घर आम्ही घरचीच माणसं मिळून दुरुस्त करतोय. चिऱ्याच्या भिंतींवर मागे केलेलं सिमेंटचं प्लॅस्टर ओल येऊन सुटतंय. वरून वॉटरप्रूफ रंग मारावा का?

उत्तर : मुळीच मारू नका. जांभा सच्छिद्र असतो. पावसात ओल शोषतो, उन्हात बाहेर टाकतो. सिमेंटने ती वाट अडवली, रंगाने ती आणखी बंद होईल. आधी कौलं परता, फुटकी बदला, जोत्यालगत साचणारं पाणी लांब काढा. वरून गळत असेल तर भिंतीवरचे सगळे कष्ट वाया. दिवाळीनंतर सुटलेलं प्लॅस्टर छिन्नीने हलक्या हाताने काढा. घट्ट धरलेल्या जागी जोर लावलात तर चिऱ्याचा पापुद्राच निघेल. भिंत पूर्ण सुकू द्या, घाई नको. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू असा गिलावा पातळ थरांत द्या आणि आठवडाभर पाणी शिंपडून ओलसर ठेवा. चुन्याने कातडी आणि डोळे भाजतात. हातमोजे, चष्मा हवाच. घरच्यांनी असं राबणं मला फार मोलाचं वाटतं. आढं-वासे बदलायचं काम मात्र जाणत्या सुताराकडेच द्या.