शंका-समाधान : पेचकस कुठे थांबवायचा?

मेडशीतल्या आमच्या शाळेत बंद संगणकांची खोली भरली आहे. विज्ञानाच्या तासाला मुलांकडून ते उघडून सुटे भाग वेगळे केले तर चालेल का? – एक शिक्षक, मेडशी (जि. वाशिम)

चालेल, पण आधी कागद, मग पेचकस. जडसंग्रह नोंदवहीत नाव आहे तोवर निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करण्याच्या, मंजुरीशिवाय एक स्क्रूही काढू नका. ‘मुलांना शिकवायला रॅम काढली’ हे उत्तर ऑडिटवाल्यांपुढे टिकत नाही, गुरुजी.

मंजुरी मिळाली की आधी जोडणीचा प्रयत्न करा. एकाचा एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी), दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याचा कीबोर्ड असं करत चार मेलेल्या यंत्रांतून एखादं उठतं. मुलंही तोडण्यापेक्षा जोडताना जास्त शिकतात.

बाकीची कॅबिनेटं प्लग काढून खोला. एसएमपीएसची पेटी अख्खी बाहेर घ्या. ती मुलांनी उघडायची नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, नाहीतर डब्यात एकमेकांना टेकून हे सेल तापतात. मग ढीग पाडा : पत्रा, प्रोसेसरवरचं अॅल्युमिनियम, वायरी, प्लास्टिक. बोर्ड मोडू नका, अख्खेच ठेवा.

जुन्या डबा मॉनिटरला मात्र हात लावू नका. पिक्चर ट्यूब आतून निर्वात असते. फुटली की काच आधी आत कोसळते, मग चौफेर उडते. मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत भरपूर शिसं असतं. ट्यूबच्या मानेवरच्या तांब्याच्या गुंडाळीसाठी कोणीतरी ती फोडतो, तांबं विकतो आणि काच नाल्याकाठी टाकतो. जुन्या चपट्या एलसीडी पडद्यांमागच्या बारीक नळ्यांत पारा असतो. तेही न उघडता द्या.

मी भंगार घेतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. ॲसिडने बोर्डावरचं सोनं निघतं म्हणतात. खरं आहे का? – एक कबाडी व्यावसायिक, मेडशी

निघतं. म्हणूनच भीती आहे. बोर्डाच्या कडेला दिसतो तो सोन्याचा नुसता मुलामा. टोकियो ऑलिम्पिकची पदकं बनवायला जपानने सुमारे 79 हजार टन छोटी उपकरणं आणि त्यांतच 62 लाख मोबाइल गोळा केले. सोनं निघालं 32 किलो, म्हणजे टनामागे अर्धा ग्रॅमही नाही. तो सरमिसळ माल होता. संगणकाच्या बोर्डात प्रमाण बरंच जास्त असतं, हे कबूल. पण ते काढायला बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या ठिकाणी धूर आणि सांडपाणी अडवणारे अवाढव्य कारखाने आहेत. तुमच्याकडे प्लास्टिकची बादली असणार. नायट्रिक ॲसिडचा तपकिरी धूर फुप्फुसात पाणी भरवतो, तेही कधीकधी काही तासांनी, माणूस घरी जाऊन जेवायला बसल्यावर. आणि उरलेलं ॲसिड कुठे ओतणार? शेजारी कोणाची तरी विहीर असतेच.

वायरीही जाळू नका. वरचं पीव्हीसी जळताना डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि जळकं तांबं काळं पडल्याने भावही पडतो. हाताने फिरवायचं सोलणी यंत्र घ्या. तुमची खरी कमाई निवडण्यात आहे : अख्खं कॅबिनेट लोखंडाच्या भावात देण्यापेक्षा पत्रा, अॅल्युमिनियम, तांबं आणि बोर्ड वेगवेगळे दिले तर पैसे जास्त येतात. मात्र संगणक तोडून त्यांचं पुनर्चक्रीकरण हाच धंदा करायचा असेल तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. ती नसेल तर माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्या.

माझं सेवा केंद्र आहे. जुन्या संगणकात लोकांचे आधार, सातबारा, जातीचे दाखले आहेत. फॉरमॅट मारलं तर पुरे? – मालेगाव

पुरे नाही. झटपट फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, मजकूर आत राहतो. डिस्क चालू असेल तर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने ती पूर्ण भरून लिहा. बंद असेल तर उघडून आतल्या तबकड्यांना ड्रिलने भोकं पाडा. लॅपटॉपच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात, म्हणून गॉगल हवाच. आतले चुंबक बोटं चिमटतात, जपून. एसएसडी असेल तर भोक चिपमधूनच गेलं पाहिजे.

जुन्या संगणकांचं भंगार द्यायचं कोणाला? अकोला-वाशिम रस्त्यावर टेम्पोवाले येतात, त्यांना दिलं तर? – मेडशी

टेम्पोवाल्याला कोणत्या कारखान्यासाठी घेतो ते विचारा आणि ते नाव केंद्रीय मंडळाच्या यादीत पाहा. यादीत नसेल तर यंत्राच्या कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा. जुन्या मालाचं पुनर्चक्रीकरण करवून घेण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर आहे. एका संगणकासाठी कोणी मेडशीपर्यंत येणार नाही, म्हणून शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत यांनी एकदाच जमवून बोलवावं. पावतीवर वजनाबरोबर नगही लिहून घ्या : मॉनिटर किती, सीपीयू किती. निर्लेखनाच्या फाइलला तीच पावती लागते.