झाकणाचे करंडे : कातकामाचा एक पाठ

कुंकवाचा करंडा आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. तथापि त्याचे झाकण सहज उघडावे आणि तरीही आपोआप सुटू नये, ही गोष्ट कातारी कशी साधतो, याचा विचार क्वचितच होतो. कातीव लाकूड व लाखेच्या रंगकामासाठी कर्नाटकात चन्नपट्टण आणि महाराष्ट्रात सावंतवाडी ही गावे प्रसिद्ध आहेत. चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचे फिकट, मऊ लाकूड वापरतात. आळंद तालुक्यातील निंबर्गा व त्याभोवतीच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात मात्र बाभूळ आणि कडुनिंब हीच लाकडे हाताशी असतात. त्यांपैकी बाभळीचे लाकूड कठीण असून हत्याराला वारंवार धार लावावी लागते. परंतु त्याचा गळा झिजत नाही.

ओले लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वर्तुळाकार वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून ओल्या लाकडाचा गोल करंडा काही आठवड्यांत लंबगोल होतो व झाकण अडते. यावर उपाय असा की, प्रथम भिंती व्यासाच्या सुमारे एक-दशांश जाड ठेवून ओबडधोबड कातून घ्यावे, सावलीत काही महिने वाळवावे आणि मगच अखेरचे कातकाम करावे.

ओंडका रेषा लांबीच्या दिशेने ठेवून लेथवर धरावा. झाकणाचा भाग अरुंद पटाशीने छेदून वेगळा करावा. छेद जितका अरुंद, तितक्या झाकणावरील रेषा खालच्या रेषांशी जुळून येतात. झाकण आधी आतून पोखरावे. त्याची आतील कड सरळ हवी. निमुळती झाल्यास झाकण क्षणभर बसते व लगेच उडते. त्यानंतर तळभागाचा गळा थोडाथोडा कमी करीत झाकणाशी जुळवावा. घाईत एक वळसा अधिक गेला की तो भरून काढता येत नाही. प्रारंभी झाकण घट्ट बसेल असे ठेवून दोन्ही भाग एकत्र बाहेरून कातावेत. गळा सैल करण्याचे काम शेवटी. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी येते. (लेथजवळ उपरणे, सैल बाही किंवा हातमोजे नकोत, नाकावर फडके असावे.)

या भागातील उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो, पावसाळा दमट असतो. त्यामुळे वैशाखात नेमके बसलेले झाकण श्रावणात अडू शकते. झाकण व तळभाग एकाच तुकड्याचे असल्याने दोन्ही सारखेच वाकतात. म्हणून रेषा जुळवूनच झाकण बसवावे. पाव वळसा फिरवले तर एकाचा लंबगोल दुसऱ्याला आडवा येतो. जुळणीसाठी आत एक बारीक खूण करावी.

अमेरिकेत 'बीड्स ऑफ करेज' या उपक्रमात गंभीर आजारी मुलांना उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर एक मणी देण्यात येतो, आणि कातारी हौशी मंडळी ते मणी ठेवण्यास झाकणाच्या पेट्या विनामूल्य करून देतात. आपल्याकडेही असे दान शक्य आहे. कलबुर्गीत किदवाई संस्थेचे कर्करोग केंद्र आहे, बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. परंतु पेटी नेण्यापूर्वी तेथील परिचारिकांना विचारावे. लाकूड उकळून निर्जंतुक करता येत नाही, आणि अशा मुलांची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. पृष्ठभाग गुळगुळीत, पुसता येण्याजोगा व रंग विषारी नसलेला असावा. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मणी देऊ नयेत. करंड्याचे झाकण घट्ट असल्यास गृहिणीला चालते. सलाईन लावलेल्या हाताने मूल ते उघडणार असेल, तर गळा आणखी थोडा घासून, एकाच हाताने उचलून पाहावा.